गव्हाणी खाली ठेवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नाताळच्या आठवड्यात वृत्तपत्रांत सदर, मोहननगर, मेकोसाबागची रोषणाई छापून येते, केकचे भाव येतात, लाल टोप्या घातलेली मुले येतात आणि कोपऱ्यात कुठेतरी गरजूंना ब्लँकेटवाटपाचा फोटो असतो. छायाचित्रकाराबद्दल तक्रार नाही. मंडळ्या, म्हणजे चर्चमधले आपण, जे दाखवतात तेच तो टिपणार. आमचे म्हणणे मंडळ्यांशी आहे आणि ते आपल्यामार्फत मांडतो आहोत. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान येतो. त्याच्या आत हे वाचले गेले तर उपयोग आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कार्यक्रमपत्रिका छापून झालेली असते, मग कोणी काही बदलत नाही.

आम्ही नाताळच्या उपासना आखणारी, संडे स्कूलच्या मुलांकडून नाटिका बसवून घेणारी माणसे. ख्रिस्तजन्माच्या गोष्टीत देव अशक्त माणसांच्या हातून काम करतो आणि आपल्या कार्यक्रमात तीच माणसे फक्त घेणाऱ्यांच्या रांगेत दिसतात. वाचणारे, गाणारे, देणारे सगळे धडधाकट. ज्याच्याकडून देवाने काम करून घेतले असते त्याला आपण शेवटच्या बाकावर बसवून प्लेट नेऊन देतो. मग नाताळातून आशा मिळाली असे एखाद्या आजारी, थकलेल्या माणसाला का वाटावे?

सुरुवात शास्त्रपाठांपासून करावी. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा नववा अध्याय वाचल्याशिवाय नाताळ होत नाही. अंधारात चालणाऱ्या लोकांनी प्रकाश पाहिला इथून सुरू होऊन आपण बाळ जन्मल्याच्या सहाव्या वचनावर येतो, आणि जागा वाचवायची म्हणून मधली चौथी-पाचवी वचने नेमकी गाळली जातात. चौथ्या वचनात म्हटले आहे की जुलूम करणाऱ्याची काठी मिद्यानाच्या दिवशी मोडली होती तशी मोडली. हा मिद्यानाचा दिवस म्हणजे शास्ते या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातली गिदोनाची मिद्यानी लोकांशी झालेली लढाई. गिदोन द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. मनश्शे वंशात माझे कूळ सगळ्यांत दुबळे आणि घरात मी सगळ्यांत लहान, हे त्याचेच उत्तर. त्याच्याकडे ३२,००० माणसे जमली. भ्यालेल्यांनी परत जावे म्हटल्यावर २२,००० गेली. उरलेल्या १०,००० मधून पाणी पिण्याच्या पद्धतीवरून ३०० निवडली गेली. कारणही तिथेच दिलेले आहे: आपल्याच हाताने आपण सुटलो अशी बढाई इस्राएलाने मारू नये. समोर मिद्यानाच्या बाजूचे १,३५,०००. या तीनशे जणांच्या हातात रणशिंग, रिकामा घडा आणि घड्यात मशाल. घडा फुटेपर्यंत उजेड बाहेर पडत नव्हता. पौलाने करिंथकरांना मातीच्या भांड्यातल्या ठेव्याबद्दल लिहिले, ते वाचताना हे घडे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

ही दोन वचने गाळली की यशयाचा बाळ नुसता गोंडस उरतो. ती ठेवली तर ऐकणाऱ्याला कळते की देवाची ही जुनीच रीत आहे. ९:२ ते ७ सलग, सावकाश वाचले तरी दोन मिनिटे लागत नाहीत. जागा वाचवायची असेल तर कार्यक्रमपत्रिकेतली आभारांची यादी कमी करा. गिदोनाचा पुढचा भाग प्रवचनात क्वचितच येतो, तोही सांगण्यासारखा आहे. जिंकल्यावर त्याने लुटीतले १,७०० शेकेल सोने मागून घेतले, त्याचे एफोद (याजकाचे वस्त्र) केले आणि तेच त्याच्या घराण्याला फास ठरले. आपण तीनशेच होतो हे त्याच माणसाच्या हयातीत विसरले गेले.

लूकच्या शुभवर्तमानाकडे वळले की बहुतेक ठिकाणी वाचन २:२० ला, मेंढपाळ परतले की थांबते. नाताळनंतरच्या पहिल्या रविवारी २:२२ ते ३८ अवश्य घ्या. मरीया आणि योसेफ मंदिरात होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिले अर्पायला जातात. लेवीय या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मुळात कोकरू सांगितले आहे. ज्याला ते परवडत नाही त्याच्यासाठी पाखरांची सवलत आहे. म्हणजे देवाच्या पुत्राच्या घरचे अर्पण गरिबांच्या दरातले होते. त्या दिवशी बाळाला ओळखले कोणी? इस्राएलाच्या सांत्वनाची वाट पाहणारा शिमोन आणि ८४ वर्षांची विधवा हन्ना यांनी. आपल्याकडे ८४ वर्षांच्या बाईला उपासनेत काय काम दिलेले असते, ते आठवून पाहावे.

नाटिका बसवणाऱ्यांसाठी एवढेच, की धर्मशाळेचा दुष्ट मालक लूकमध्ये नाही, त्याला उगाच अर्धा तास देऊ नका. ज्ञानी लोक तीन होते असेही कुठे लिहिलेले नाही, भेटवस्तू तीन होत्या. मेंढपाळांची साक्ष न्यायालयात चालत नसे हे प्रवचनात ठासून सांगितले जाते. ते नंतरच्या काळातल्या यहुदी ग्रंथांतून आले आहे, शुभवर्तमानात नाही. त्यांचा साधेपणा दाखवायला रात्रीची राखण पुरेशी आहे.

आता गव्हाणी, म्हणजे ख्रिस्तजन्माचा देखावा. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून ती मांडली, ती लोकांना बाळाची दैना डोळ्यांनी दिसावी म्हणून. आपल्याकडे ती व्यासपीठावर चार फुटांवर चढते, वर तारा, खाली झालर. लहान मूल आणि चाकाच्या खुर्चीवरचा माणूस यांना फक्त झालर दिसते. बाळाची पातळी जमिनीपासून ४५ ते ६० सेंटिमीटरवर ठेवा आणि समोर किमान दीड मीटर मोकळी जागा सोडा, म्हणजे खुर्ची वळते. तणस वापरा, पण ते पूर्ण वाळलेले असते आणि त्यातून विजेच्या माळा फिरवल्या की जोडाच्या ठिकाणी ठिणगी पडते. आग लागते ती तिथेच. माळ एलईडीची घ्या, ती गवतावर न टाकता लाकडी चौकटीला बांधा, जोड बाहेर ठेवा, रात्री बंद करा आणि शेजारी वाळूची बादली असू द्या. पणत्या-मेणबत्त्या गव्हाणीत नकोतच. ज्ञानी लोकांच्या मूर्ती पहिल्या दिवसापासून मांडायची घाई कशाला? त्या ६ जानेवारीच्या, ज्ञानी लोकांच्या आगमनाच्या सणाच्या. २५ तारखेला गव्हाणीजवळ फक्त मेंढपाळ असले की मांडणीच बरेच काही सांगून जाते.

वाचन कोणाला द्यायचे, हा आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि इथेच बहुतेक मंडळ्या कच खातात. चांगला आवाज, स्वच्छ उच्चार असलेल्यांना ते मिळते, कारण कार्यक्रम बिघडू नये. बिघडू नये ही इच्छा रास्त आहे. त्यासाठी तयारी लागते. जो अडखळत बोलतो त्याला पहिले वचन दुसऱ्या कोणाबरोबर एकसुरात वाचू द्या. एकत्र वाचताना किंवा गाताना बहुतेकांचे अडखळणे कमी होते. लय सापडली की दुसऱ्याने थांबावे. तो अडला तर शब्द पुरवू नका, पाच सेकंद जातात तर जाऊ द्या, आणि हे समोरच्या बाकांना आधीच सांगून ठेवा. हात थरथरणाऱ्या आजोबांना हातात माइक देऊ नका, स्टँडवर लावा. कागद पुठ्ठ्यावर चिकटवा, म्हणजे फडफडत नाही. अक्षर २० पॉइंटच्या खाली नको, दोन ओळींत मोकळी जागा हवी आणि कागद चकचकीत नको, दिव्याचा प्रकाश त्यावरून परावर्तित होतो. अंध वाचकासाठी मजकूर ब्रेलमध्ये उतरवून घ्यायचा तर पंधरा दिवस आधी द्या. छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पाने होतात, त्यामुळे मेजही रुंद लागते.

मूकबधिर मंडळींसाठी खुणांच्या भाषेत सांगणारी व्यक्ती बोलावली जाते, ही चांगली गोष्ट आहे. मग मेणबत्तीची वेळ आली की सगळे दिवे मालवले जातात आणि नेमके 'शांत रात्री' गाताना तिचे हात दिसेनासे होतात. तिच्यावर एक लहान दिवा शेवटपर्यंत चालू ठेवा. विसराळूपणाचा आजार झालेल्यांना नवे गीत कळत नाही, पण लहानपणी पाठ झालेली नाताळगीते ओठांवर येतात. त्यांच्यासाठी जुन्या चालीचे एक गीत आणि त्याची पहिली दोनच कडवी ठेवा. वेदीच्या पायऱ्या तीन असतील आणि प्रत्येक १५ सेंटिमीटरची असेल, तर एकास बारा या उतारासाठी ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो. तेवढी जागा नसते म्हणून तीन-चार फुटांची फळी टाकली जाते आणि चार तरुण खुर्ची उचलतात. बसलेल्या माणसाला त्यासारखी नामुष्की नाही. त्यापेक्षा वाचनाचे मेजच खाली, बाकांच्या पातळीवर आणा. सगळ्यांनीच तिथून वाचावे, पाळकांनीसुद्धा.

वेळेबद्दल. मध्यरात्रीची उपासना सुंदर असते, ती बंद करा असे कोणी म्हणत नाही. पण डिसेंबरच्या शेवटी नागपूरचा पारा अनेकदा दहाच्या खाली जातो आणि मैदानातल्या मंडपात गारठा अंगात शिरतो. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. थंडी आणि शरीरातले पाणी कमी होणे या दोन्हींनी त्यांच्या वेदनांचा झटका उसळू शकतो. दमेकऱ्यांचेही तसेच. संध्याकाळी सहा-साडेसहाला, बंद दारांच्या सभागृहात, तेच शास्त्रपाठ आणि तेच प्रभुभोजन असलेली एक उपासना ठेवा. तिला 'वृद्धांची उपासना' असे नाव देऊ नका, नाहीतर तिथे फक्त वृद्ध येतील आणि पाळक घाईत असतील. दाराशी कोमट पाणी ठेवा.

ज्या घरात या वर्षी मरण झाले, नोकरी गेली, मूल झाले नाही, त्या घराला 'आनंद करा' हे शब्द टोचतात. अशांसाठी २१ डिसेंबरच्या सुमारास एक शांत उपासना घ्यावी. तेव्हा आपल्याकडे रात्र तेरा तासांहून मोठी असते. अशी उपासना चाळीस मिनिटांपेक्षा लांबवू नका. एक विलापाचे स्तोत्र घ्या. ८८ वे निवडायला हरकत नाही, ते अंधारातच संपते आणि त्याला शेवटी गोड वळण लावायचा मोह टाळावा. मग लूक २:१ ते ७, पुढे प्रत्येकी दीड-दोन मिनिटांची तीन मौने, गेलेल्यांची नावे (आदल्या दिवसापर्यंत चिठ्ठीवर घेतलेली, उच्चार विचारून ठेवलेली). प्रवचन पाच मिनिटे. अर्पणाची थैली फिरवू नका. साक्ष द्यायला कोणाला उभे करू नका. दाराजवळच्या दोन रांगा मोकळ्या ठेवा, म्हणजे रडू आले तर माणूस सगळ्यांच्या समोरून न जाता बाहेर पडू शकतो, आणि बाहेर पाणी घेऊन दोघे जण उभे असू द्या. ते बोलणारे नसले तर उत्तम. हे सगळे फार उदास वाटेल, असा आक्षेप येतो. ज्यांना उदास वाटते त्यांनी यायची सक्ती नाही.

घरी खिळलेल्यांच्या भेटी हा नाताळचा जुना रिवाज, आणि तिथेही चुका ठरलेल्या आहेत. दहा जणांचा कॅरल्सचा जथा लहान खोलीत शिरतो, फोटो निघतो, सातव्या मिनिटाला सगळे पुढच्या घरी. दोघेच जा, फोन करून जा, वीस मिनिटे बसा. मधुमेह असेल तर केक घरच्यांच्या हातात द्या, रुग्णाच्या नको. संत्र्यांचा हंगाम असल्यामुळे पिशवीभर संत्री नेण्याची आपल्या शहराची पद्धत. पण डायलिसिसवर असलेल्या माणसाला ती नेऊ नका, संत्र्यात पोटॅशियम भरपूर असते आणि त्याचे मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही. ज्याला गिळायला त्रास होतो त्याच्यासाठी प्रभुभोजनाच्या भाकरीचा अगदी लहान तुकडा घ्या आणि त्याला सरळ बसवून द्या. पातळ पदार्थानेही ठसका लागू शकतो, म्हणून घरच्यांना आधी विचारा. हे झाल्यावर मुख्य काम उरते. निघताना आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. ती उलटवा: 'आजी, मंडळीसाठी तुम्ही प्रार्थना करा' असे म्हणून डोके लववा. मंडळीच्या तीन-चार गरजा कागदावर लिहून त्यांच्या उशाशी ठेवा आणि पंधरा दिवसांनी काय झाले ते सांगायला पुन्हा जा. ही समजूत घालण्याची युक्ती नव्हे. हन्ना हेच काम करत होती आणि लूकने ते नोंदवले.

मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात विदर्भातून, मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून आलेले नातेवाईक थंडीत पथारी टाकून असतात. ब्लँकेट त्यांना लागतेच, वाटा, फोटोविना वाटा. पण त्यांना विचारले तर बहुतेकदा दुसरेच काही हवे असते: कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा हे सांगणारा माणूस, फोन चार्ज करायची सोय, किंवा रुग्णापाशी दोन तास बसणारा कोणी, म्हणजे आंघोळ होईल, डोळा लागेल. वॉर्डच्या सिस्टरांची परवानगी घेऊन हे करता येते. तिथे धर्माची पत्रके मात्र नेऊ नका. खाटेवरचा माणूस नको म्हणू शकत नाही, आणि त्या नाइलाजाचा फायदा घेणे हे या सणाच्या अगदी विरुद्ध आहे.

अशक्तपणाबद्दल बोलताना प्रवचनांत जे बिघडते ते याहून गंभीर आहे, म्हणून थोडे सविस्तर. पहिली चूक, दुखणे हेच देवाचे दान म्हणून गळ्यात बांधणे. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. मागणे हा अविश्वास नव्हता. उत्तर 'नाही' आले, कृपा पुरेशी आहे आणि शक्ती अशक्तपणात पूर्ण होते असे आले, पण ते उत्तर पौलाला त्याच्या प्रभूकडून मिळाले. शेजाऱ्याने त्याला ऐकवले नव्हते. दुसरी चूक, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ख्रिस्ताची नम्रता शिकवणे. फिलिप्पैकरांच्या दुसऱ्या अध्यायात ज्याच्याकडे सगळे होते त्याने ते आपणहून सोडले. आपणहून सोडलेली ताकद वेगळी आणि हिसकावून घेतलेली वेगळी. मरीयेच्या गीतात तर अधिपती सिंहासनांवरून खाली ओढले जातात आणि धनवान रिकाम्या हाती परत जातात. ज्याला दुबळ्यांनी गप्प बसावे असे वाटते त्याने ते गीत वाचूच नये. तिसरी चूक मनाच्या आजाराबाबत होते. उदासीनता ही विश्वासाची कमतरता आहे असे सांगून औषध बंद करायला लावणारे अजून भेटतात. औषध चालू ठेवून प्रार्थना करता येते. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. २१ डिसेंबरच्या उपासनेच्या कागदावर तो तळाशी छापा.

चौथी चूक जरा सभ्य आहे, म्हणून लक्षात येत नाही. आज अशक्त आहात, उद्या देव मोठे करील, अशी ती बोली. ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपूरकरांना ठाऊक आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले, शाळा चालवली, खडक आणि जीवाश्म अभ्यासले आणि १८६३ मध्ये टाकळघाटकडची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पाण्यात बुडून गेले. कॉलेज निघाले १८८३ मध्ये. प्रवचनात ही गोष्ट 'पाहा, शेवटी फळ आले' अशी सांगितली जाते. पण ज्या रात्री ते बुडाले त्या रात्री कॉलेज नव्हते, आणि देव त्या रात्रीही होता, एवढेच ख्रिस्ती माणसाला म्हणता येते. बेथलेहेमचे बाळ मोठे होऊन राजवाड्यात गेले नाही. हेरोद राजाच्या तलवारीपासून ते मिसरला पळाले, आणि मागे राहिलेली मुले मारली गेली; २८ डिसेंबरला त्यांची आठवण करतात. या तारखेला कितीतरी मंडळ्यांची सहल असते. सहल २९ ला ठेवली तर काही बिघडत नाही.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. नाताळच्या उपासनांच्या वेळा आपण छापता, त्यात प्रत्येक मंडळीपुढे आणखी एक ओळ छापता येईल का: चाकाची खुर्ची आत जाते की नाही, खुणांच्या भाषेची सोय आहे का, स्वच्छतागृह पायऱ्यांशिवाय गाठता येते का आणि उपासना किती वाजता संपते. शेवटचे सगळ्यांत उपयोगी, कारण परतीच्या ऑटोची व्यवस्था त्यावर अवलंबून असते. मंडळ्यांच्या सचिवांनी ही माहिती १५ डिसेंबरपर्यंत आपल्या कार्यालयात द्यावी. 'रॅम्प आहे' असे कळवण्याआधी तो कोणाला तरी खुर्चीवर बसवून, गालिचा अंथरलेला असताना, वर-खाली करून पाहावा. गालिच्याच्या घडीत पुढचे चाक अडकते आणि खुर्ची पुढे कलंडते.

आपले,
नाताळच्या उपासना आखणारे काही जण
सदर, नागपूर